चेहऱ्यात इंजेक्शन घ्यायचं ठरवलंय? कोकणातून जाणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

गेल्या तीन वर्षांत मी त्वचेवर तीन प्रकारची इंजेक्शनं घेतली. भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्स, पुळ्यांच्या खड्ड्यांसाठी पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून काढलेला थर) आणि छातीवरच्या केलॉइडच्या, म्हणजे जखमेच्या व्रणावर वाढत जाणाऱ्या गाठीसाठी स्टेरॉइड. तिन्हींचा थोडाफार उपयोग झाला, पण बोटॉक्सनंतर माझी डावी पापणी तीन आठवडे लटकली. माझ्या मावसबहिणीचं जे झालं ते याहून पुष्कळ गंभीर होतं, ते पुढे सांगते. मी कणकवलीजवळ राहते, पतपेढीत काउंटरवर बसते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कोणतं औषध घ्यावं हे सांगणार नाही. विचारायचं काय, बघायचं काय, आणि कुठे पाय मागे घ्यायचा, एवढं सांगते, कारण मला ते कोणी सांगितलं नव्हतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात धरा. सुई टोचायला पाच-दहा मिनिटं लागतात. पुढचे दोन दिवस तुम्ही कुठे असणार आणि काही बिघडलं तर कोणाच्या दारात किती वेळात पोहोचणार, हे सुई टोचण्याआधी ठरलेलं हवं. मुंबई-पुण्यातल्या माणसाला हा प्रश्न फारसा पडत नाही. घाटाखाली राहणाऱ्याला तो टाळता येत नाही.

१. आधी तक्रार नेमकी करा

"चेहरा फ्रेश करायचाय" असं म्हणत आत गेलात तर समोरचा त्याच्याकडे जे असेल ते विकेल. आरशासमोर बसा, दिवसाच्या उजेडात बघा आणि एका ओळीत लिहा: आठ्या, खड्डे, काळे डाग, गाठ, की गाल बसलेत? प्रत्येकाचं औषध वेगळं.

बोटॉक्स हे एका कंपनीच्या उत्पादनाचं नाव. औषध म्हणजे बोटुलिनम टॉक्सिन. स्नायूला आकुंचन पावायला सांगणारा मज्जातंतूचा निरोप ते अडवतं, म्हणून स्नायू सैल पडतो आणि वरची आठी मावळते. १९८०च्या दशकात व्हँकुव्हरमध्ये जीन कॅरुदर्स या नेत्रतज्ज्ञ पापण्यांच्या आकडीवर हे औषध देत होत्या, तेव्हा रुग्णांच्या आठ्याही गेल्याचं लक्षात आलं. त्यांनी आणि त्यांच्या त्वचारोगतज्ज्ञ पतीने त्यावर पुढे काम केलं. अमेरिकेत भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सला मान्यता मिळाली ती २००२ साली. तिथे ठरलेला डोस २० युनिट, पाच जागी विभागून. परिणाम तीन-चार दिवसांत दिसू लागतो, पूर्ण व्हायला दोन आठवडे लागतात आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. चेहरा हलला की दिसणाऱ्या रेषांवर हे चांगलं चालतं. चेहरा स्थिर असतानाही दिसणाऱ्या खोल चरींवर एकट्याने फारसं चालत नाही.

याच औषधाचा आपल्याकडे कमी बोलला जाणारा उपयोग म्हणजे घाम. आमच्या दमट हवेत काखेतून नुसत्या धारा लागणाऱ्यांचे हाल मी रोज बघते. काखेच्या अतिघामावर या इंजेक्शनांचा परिणाम साधारण सहा महिने टिकतो, कधी त्याहून जास्त. तळहातांवरही देतात, पण तिथे ते चांगलंच दुखतं आणि काही दिवस पकड सैल होऊ शकते. जाळी ओढणाऱ्याने, नारळ सोलणाऱ्याने हे आधी विचारून घ्यावं.

फिलर हा वेगळाच प्रकार. तो स्नायूला हात लावत नाही, पोकळी भरतो. ओठ, गाल, डोळ्यांखालची खोबण. बहुतेक फिलर हायल्युरॉनिक ॲसिडचे असतात, सहा महिने ते दीड वर्ष टिकतात, आणि त्यांची मोठी सोय म्हणजे हायल्युरॉनिडेज नावाच्या औषधाने ते विरघळवता येतात. हे औषध दुसऱ्या कशावर चालत नाही. म्हणून "कायमचा फिलर", "सिलिकॉन" हे शब्द कानावर पडले की उठून बाहेर या. कायम राहणारी वस्तू बिघडली तर तीही कायम राहते.

पीआरपी म्हणजे तुमचंच रक्त. ते यंत्रात फिरवून प्लेटलेट्सचा थर वेगळा काढतात आणि त्वचेत टोचतात. महिन्याच्या अंतराने तीन-चार वेळा जावं लागतं. माझे खड्डे गेले नाहीत, उथळ झाले, आणि तेही मायक्रोनीडलिंग, म्हणजे बारीक सुयांनी त्वचा टोचणं, सोबत केल्यावर. रक्त तुमचंच असल्यामुळे ॲलर्जीची भीती कमी. भीती आहे ती नळ्या-सुयांच्या स्वच्छतेची. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात परवाना नसलेल्या एका स्पामध्ये असल्याच 'व्हॅम्पायर फेशियल'मधून बायकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं तिथल्या सीडीसी या सरकारी संस्थेने २०२४ मध्ये नोंदवलं. तेव्हा तुमच्या नळीवर तुमचं नाव तुमच्यासमोर लिहिलं गेलं पाहिजे आणि किट तुमच्यासमोर फोडलं गेलं पाहिजे. संकोच करू नका.

केलॉइडच्या गाठीत ट्रायॅमसिनोलोन हे स्टेरॉइड टोचतात, चार ते सहा आठवड्यांनी एकदा. कान टोचल्यावर, भाजल्यावर, पुळी फुटल्यावर ज्यांची त्वचा गाठाळते त्यांना हे चांगलं उपयोगी पडतं. माझी गाठ चार खेपांत सपाट झाली, खाज पूर्ण थांबली. पण तिथली त्वचा आजूबाजूपेक्षा फिकट दिसते, आणि त्या काळात पाळीही मागेपुढे झाली. दोन्ही गोष्टी या औषधाने होऊ शकतात, पण मला त्या झाल्यावर कळल्या. आणि ज्यांना केलॉइडची सवय आहे त्यांनी इतर कोणतंही इंजेक्शन घेण्याआधी हे डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे.

२. वांग असेल तर सुईच्या आधी सनस्क्रीन

आमच्याकडच्या निम्म्या बायकांची तक्रार वांगाची असते. गालांवर तपकिरी डाग, बाळंतपणानंतर वाढलेले, मग मे महिन्यात गडद. त्यावर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड त्वचेत टोचतात आणि काहींना फरक पडतो. पण ऊन चालूच राहिलं तर डाग परत येतात. किनाऱ्यावर ऊन वरून येतं तसं पाण्यावरून आणि वाळूवरूनही येतं. मासे वाळत घालणारी, आंब्याच्या कलमांत उभी राहणारी, स्कूटीवरून नोकरीला जाणारी, सगळ्यांनी आधी तीन महिने नेमाने सनस्क्रीन लावून बघावं. वांगासाठी रंग असलेलं, म्हणजे लोहाचे ऑक्साइड घातलेलं सनस्क्रीन जास्त कामाचं, कारण ते डोळ्यांना दिसणारा उजेडही अडवतं. यात पैसे कमी जातात आणि पुढे इंजेक्शन घ्यायचं ठरलंच तर ते टिकतं.

३. गोरं करणारं सलाइन: इथे थांबा

लग्नसराई आली की ग्लुटाथिओनची जाहिरात सुरू होते. ब्रायडल ग्लो, दहा सिटिंग, पॅकेज. माझ्या ओळखीच्या तीन मुलींनी घेतलं. रंग गोरा करण्यासाठी टोचायच्या एकाही औषधाला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, मान्यता दिलेली नाही. फिलिपिन्समध्ये याचं वेड मोठं आहे, आणि तिथल्या सरकारने लोकांना जाहीरपणे सावध केलंय: यकृतावर, मूत्रपिंडावर परिणाम, आणि अंगावरची त्वचा सोलून निघेल अशी जीवघेणी रिॲक्शन. शिवाय सलाइन लावणारा माणूस कोण, हा प्रश्न वेगळाच. आपल्या मातीतला सावळा रंग हा आजार नाही, त्याला शिरेतून औषध द्यायची गरज नाही. हे मी माझ्या भाचीलाही सांगितलं आणि तुम्हालाही मनापासून सांगते.

असंच "एक्सोसोम", "स्टेम सेल" म्हणून ऑनलाइन मागवलेल्या बाटल्यांचं, आणि बिनसुईच्या पेनाने ओठ फुगवण्याचंही. नकोच.

४. डॉक्टर शोधताना

पाटीवर "स्किन क्लिनिक" लिहिलेलं असणं पुरेसं नाही. "कॉस्मेटॉलॉजिस्ट" हा शब्द कोणीही लावतं. नावापुढे त्वचारोगातली पदव्युत्तर पदवी किंवा पदविका शोधा: एमडी, डीव्हीडी, डीडीव्हीएल, डीएनबी. प्लास्टिक सर्जनही चालतील. नोंदणी क्रमांक विचारा आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या किंवा राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नोंदवहीत ऑनलाइन नाव तपासा. पाच मिनिटांचं काम आहे.

मग हे प्रश्न जसेच्या तसे विचारा:

सुई तुम्ही स्वतः टोचणार की सहायक?
फिलर असेल तर हायल्युरॉनिडेज इथे, आत्ता, फ्रिजमध्ये आहे का?
रात्री काही झालं तर कोणत्या नंबरवर फोन करू, आणि तो कोण उचलेल?

दुसऱ्या प्रश्नाला "लागत नाही हो" असं उत्तर आलं तर तिथे फिलर घेऊ नका.

खात्री नसेल, किंवा खाजगी सल्ल्याचा खर्च झेपत नसेल, तर ओरोसच्या आणि रत्नागिरीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयात त्वचारोग ओपीडीला दाखवा. सौंदर्याची इंजेक्शनं तिथे मिळतील असं नाही, पण तुम्हाला खरंच काय झालंय हे कळेल. माझ्या छातीवरची गाठ मी दोन वर्षं "गळू" समजून तेल चोळत होते.

एक सापळा खास आपल्याकडचा: शहरातून एक दिवस येणारे "कॅम्प". लॉजच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडायच्या, वीस बायका रांगेत, संध्याकाळी गाडी परत. त्या माणसाकडे कदाचित पदवी असेलही. पण रात्री नऊ वाजता तो खंडाळ्यात असेल आणि तुम्ही देवगडात.

५. पिशवीत काय न्यायचं

चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, आयुर्वेदिक काढे धरून. ॲस्पिरिन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, फिश ऑइल, ई जीवनसत्त्व यांनी काळेनिळे डाग जास्त पडतात. पण हृदयासाठी दिलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, ती देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. (मासे बंद करावे लागतात का, असं मला तिघींनी विचारलं. ताटातल्या बांगड्याचा याच्याशी संबंध नाही, प्रश्न कॅप्सूलचा आहे.)

ॲलर्जीची नोंद. आधी सौंदर्याची कोणती इंजेक्शनं घेतलीत त्याची नोंद. साखरेचा ताजा रिपोर्ट. पीआरपीसाठी सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट्स. मेकअप न केलेल्या चेहऱ्याचे दोन-तीन फोटो, आणि फोटोवाला ओळखपत्राचा कागद.

पुढच्या गोष्टी असतील तर तारीख पुढे ढकला: गरोदरपण, अंगावरचं दूध, चेहऱ्यावर पिकलेली पुळी किंवा जखम, ताप, ओठांवर उठलेल्या हर्पीसच्या पुळ्या. मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल तर बोटॉक्स नाहीच. दाताचं काम फिलरच्या आगेमागे दोन आठवड्यांत काढू नका, कारण तोंडातले जंतू रक्तातून फिलरपर्यंत पोहोचू शकतात.

६. तारीख आणि परतीचा प्रवास

इथे मी चुकले, म्हणून जरा सविस्तर.

कोल्हापूरला सकाळी बोटॉक्स घेतलं आणि दुपारची एसटी पकडली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, चार तास आडवं व्हायचं नाही, जागा चोळायची नाही. मी आडवी झाले नाही. पण फोंडाघाटात मला मळमळायला लागलं आणि मी पुढच्या सीटच्या दांड्यावर कपाळ टेकून डोळे मिटले. गाडी वळणावर वळली की कपाळ दांड्यावर घासत होतं. सहाव्या दिवशी सकाळी दात घासताना आरशात बघितलं तर डावा डोळा अर्धा मिटलेला. औषध थोडं सरकून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत गेलं होतं. दांड्यामुळेच झालं असं डॉक्टर छातीठोकपणे म्हणाले नाहीत, सुईच्या जागेमुळेही होतं म्हणाले. त्यांनी डोळ्यात घालायचे थेंब दिले आणि तीन आठवड्यांत पापणी आपोआप वर आली. ते तीन आठवडे काउंटरवर प्रत्येक खातेदार विचारायचा, "डोळ्याक काय झाला गो तुझ्या?" मला खरं सांगवलं नाही, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आता मी असं करते. इंजेक्शन शुक्रवारी, रात्री कोल्हापुरात आत्याकडे मुक्काम, परत रविवारी. फिलर घेणाऱ्याने तर दोन रात्री डॉक्टरांच्या गावातच काढाव्यात. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका, दरड कोसळून घाट बंद झाला तर तुम्ही अलीकडे आणि डॉक्टर पलीकडे. लग्न, गणपती, शिमगा यांच्या आधी किमान चार आठवडे काम उरकलेलं हवं, म्हणजे सूज, डाग, लटकलेली पापणी, सगळ्याला निस्तरायला वेळ मिळतो.

७. खुर्चीत बसल्यावर

बाटली सीलबंद बघा. नाव, बॅच नंबर, मुदत यांचा मोबाइलवर फोटो काढा. बोटॉक्सची बाटली २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. आपल्याकडे वीज जाते ती कधी कधी अख्खी रात्र. "लाइट गेल्यावर फ्रिजचं काय करता?" हा प्रश्न सरळ विचारा. चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही, माझ्या डॉक्टरांनी मला इन्व्हर्टर दाखवला.

किती युनिट टोचले ते लिहून घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांची युनिटं एकसारखी नसतात, म्हणून कंपनीचं नावही लिहा. फिलरच्या खोक्यात सुटे स्टिकर असतात, त्यातला एक तुमच्या फाइलवर चिकटवून मागा.

संमतीपत्र मराठीत मागा. नसेल तर वाचून दाखवायला सांगा. बधिर करायचं मलम घरून थापून जाऊ नका. ते जास्त जागेवर, जास्त वेळ लावलं तर अंगात भिनून त्रास होतो.

८. धोक्याच्या खुणा

थोडी सूज, टोचल्या जागी लाली, निळसर ठिपका, एखादा दिवस डोकं दुखणं, हे होतंच. बर्फ कपड्यात गुंडाळून हलकेच लावा. दोन दिवस उन्हात राबणं, व्यायाम, फेशियल, मालिश बंद.

पण फिलरनंतर पुढचं काही दिसलं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही:

त्वचा पांढरीफटक पडणं. जाळीसारखे जांभळट पट्टे उठणं. वाढत जाणारी कळ. अंधुक दिसणं, डोळ्यापुढे अंधारी, एका डोळ्याने न दिसणं.

याचा अर्थ फिलर रक्तवाहिनीत गेला किंवा तिच्यावर दाब आला. त्वचेला रक्त मिळालं नाही तर ती मरते. भुवयांमधली जागा आणि नाक सगळ्यात धोक्याचं, कारण तिथल्या रक्तवाहिन्या डोळ्याकडे जाणाऱ्या वाहिन्यांना जोडलेल्या असतात. दृष्टिपटल रक्ताशिवाय तासा-दीड तासाच्या वर तग धरत नाही. कणकवलीहून कोल्हापूर त्या वेळात होत नाही. म्हणूनच नाकातला फिलर मी स्वतः कधीच घेणार नाही.

माझ्या मावसबहिणीने अशाच एका कॅम्पमध्ये ओठांत फिलर घेतला. संध्याकाळी वरचा ओठ एका बाजूने पांढरा, मग नाकपुडीपर्यंत जांभळी नक्षी, जाळीचा रंग उतरावा तशी. टोचणाऱ्याने फोनवर सांगितलं, "सूज आहे, बर्फ लावा." तिने दोन तास बर्फ लावला. अशा वेळी बर्फ लावायचा नसतो, रक्तवाहिन्या आणखी आकसतात. रात्री साडेअकराला माझ्या भावाने गाडी काढली. देवगडहून कोल्हापूर, चार तास, घाटात धुकं. मागच्या सीटवर मी मोबाइलच्या उजेडात दर दहा मिनिटांनी तिचा ओठ बघत होते. इस्पितळात डॉक्टरांचा पहिला प्रश्न: "आत कोणतं औषध आहे?" तिच्याकडे बिल नव्हतं, स्टिकर नव्हता, नावही माहीत नव्हतं. हायल्युरॉनिक ॲसिड असेल असं धरून त्यांनी हायल्युरॉनिडेज टोचलं, तासाभराने पुन्हा, सकाळी पुन्हा. ते तेच होतं, म्हणून रंग परत आला. ओठाच्या कडेला तांदळाएवढी खूण राहिली आहे.

बोटॉक्सनंतर गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, किंवा कोणत्याही इंजेक्शननंतर अंगभर गांधी उठून धाप लागली, तर थेट १०८. आठवड्यांनी, महिन्यांनी टोचल्या जागी गाठ आली, दुखू लागली, तर तीही दाखवायची, दाबून फोडायची नाही.

९. पैसे आणि तक्रार

दर आधी लेखी घ्या: बोटॉक्सचा युनिटमागे, फिलरचा सिरिंजमागे. "पूर्ण चेहरा पॅकेज" घेऊ नका, त्यात काय किती टोचलं ते कळत नाही. बाजारापेक्षा निम्म्याने स्वस्त असेल तर बाटली पातळ केलेली किंवा बनावट असण्याची शक्यता धरा. आरोग्यविमा सौंदर्याच्या उपचारांना पैसे देत नाही. बोटॉक्स घेतलंत की तीन-चार महिन्यांनी पुन्हा खर्च आहे, तो वर्षाचा हिशेब आधी मांडा.

औषधाने त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या टोल फ्री क्रमांकावर रुग्ण स्वतः नोंद करू शकतो. डॉक्टरविरुद्धची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, बनावट किंवा मुदत संपलेल्या औषधाची अन्न व औषध प्रशासनाकडे, पैशांची जिल्हा ग्राहक आयोगाकडे. तक्रार करायला गेलं की बिल मागतात. मावसबहिणीची तक्रार तिथेच अडली. आता ती ओळखीतल्या कुणीही इंजेक्शनचं नाव काढलं की आधी विचारते, "बिल देतत काय?"